नव्वद विजयांचं काय करायचं?

९० विजय, ७२ पराभव. गेल्या पाच मोसमांत सिॲटल मरिनर्स या आमच्या बेसबॉल संघाच्या नावापुढे हा हिशोब तीनदा लागलाय. २०२१ मध्ये तो लागला तेव्हा शेवटच्या दिवशी, घरच्याच मैदानावर, आमचा गाशा गुंडाळला गेला. प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्या, दोन विजयांनी हुकले. २०२२ मध्ये तोच हिशोब लागला आणि संघ २००१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेला. धडधाकट बाप्ये रडताना मी त्या आठवड्यात पाहिले. आणि २०२५ मध्ये पुन्हा ९०-७२. या वेळी डिव्हिजनचं, म्हणजे आमच्या गटाचं, विजेतेपद मिळालं, प्लेऑफमधली एक मालिका मारली आणि दुसरीत वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, आठ आउटवर आली असताना सगळं हातचं गेलं.

आता फेब्रुवारी आहे. ॲरिझोनात पिओरियाला सराव शिबिर सुरू झालंय आणि संगणकावर अंदाज मांडणारी मंडळी नव्वदच्या अलीकडे-पलीकडे आकडे सांगताहेत. ऑफिसात, जिममध्ये, मुलीच्या सॉफ्टबॉलच्या सरावाला, जिथे जावं तिथे "यंदा आपण किती जिंकणार?" हाच विषय. मला मात्र प्रश्न पडतो की नव्वद हे उत्तर मिळालं तरी त्याचं मी करू काय? नव्वद कसे दिसतात ते आम्ही तीनदा बघितलंय. तिन्ही वेळा वेगळे दिसले.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी, नमनाला फार तेल न घालता सांगतो. मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज. सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये बाजूगणिक तीन आउट. पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो, आणि बेस नावाचे टप्पे फिरून घरी परतला की एक धाव. इतके सामने असले की चांगल्यातला चांगला संघही साठेक वेळा हरतो आणि अगदी टाकाऊ संघही चाळीस-पन्नास वेळा जिंकून जातो. नव्वद विजय म्हणजे साडेपंचावन्न टक्के. एवढ्या मार्कांवर आमच्या घरी दोन दिवस बोलणी खावी लागायची. इथे बॅनर लागतात.

टक्क्यांचा विषय सिॲटलमध्ये जपून काढावा लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरात, एका विजयाने प्लेऑफ हुकल्यावर, संघाचे कारभारी जेरी डिपोटो पत्रकारांसमोर बसले आणि म्हणाले की दहा वर्षं मिळून ५४ टक्के सामने जिंकत राहणं हे आमचं ध्येय आहे. असं जिंकत राहणारे संघ बहुधा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचतात. वर, धीर धरायला सांगून आम्ही चाहत्यांवर एक प्रकारे उपकारच करतोय, अशा अर्थाचंही बोलून गेले. झालं. त्या दिवसापासून ५४ हा या गावात आकडा राहिला नाही, टोमणा झाला. कोणी स्वस्तातला खेळाडू घेतला की "चोपन्न टक्के!", बिअरचा ग्लास अर्धा भरून आला की "चोपन्न टक्के!"

मी परवा सहज बेरीज केली. २०२१ पासून विजय असे: ९०, ९०, ८८, ८५, ९०. एकूण ४४३. सामने ८१०. टक्केवारी ५४.७. गृहस्थ बोलल्याप्रमाणे वागले म्हणायचे! आणि या चोख कारभारात प्लेऑफ पाचातून दोनदा, वर्ल्ड सिरीज शून्य. १९७७ साली सुरू झालेला हा संघ आजच्या तीस संघांत वर्ल्ड सिरीज कधीही न खेळलेला एकमेव संघ आहे. २००१ मध्ये तर ११६ सामने जिंकले होते, एका मोसमातल्या विक्रमाशी बरोबरी. तेव्हाही वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत यांकीजनी घरी पाठवलं. म्हणजे नव्वदने जे झालं नाही ते ११६ नेही झालं नव्हतं.

माझं म्हणणं त्यामुळे एवढंच आहे की 'यंदा काय होणार' या नावाखाली आपण दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो. १६२ सामन्यांचं काय होईल, हा एक. त्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं, आणि यंदा ते चांगलं आहे. ऑक्टोबरात काय होईल, हा दुसरा. त्याचं उत्तर कोणाच्या बापाला देता येत नाही. पण पहिल्याचं उत्तर ऐकून माणसं दुसऱ्याची स्वप्नं बघायला लागतात, आणि मी काही त्यांच्यापेक्षा शहाणा नाही.

त्या आठ आउटांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २० ऑक्टोबर २०२५, सोमवार. अमेरिकेतल्या पंचांगाप्रमाणे आमचं लक्ष्मीपूजन आणि टोरोंटोत ब्लू जेजविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना. सामना आमच्या वेळेने पाचला सुरू, म्हणजे मुहूर्त बरोबर सामन्याच्या पोटात. पूजा आधी की नंतर यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी बायकोने निकाल दिला: पूजा वेळेवर होईल, टीव्ही चालू राहील, आवाज बंद राहील, आणि आरती चालू असताना जो कोणी पडद्याकडे बघेल त्याला चकली मिळणार नाही. आमच्या हुलिओ रॉड्रिगेझने होम रन (क्रिकेटमधला षटकार समजा) मारला होता, कॅल रॉलीने मारला होता, आम्ही ३-१ ने पुढे. चोपड्यांच्या जागी मुलीने तिचं सॉफ्टबॉलचं स्कोअरबुक ठेवलं होतं. त्यावर हळदकुंकू वाहिलं ते माझ्या आग्रहाने.

सातवी इनिंग. आमच्या पिचरने, ब्रायन वूने, एकाला फुकट चालत बेसवर पाठवलं, पुढच्याने सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारला, त्याच्या पुढच्याने बंट टाकून, म्हणजे चेंडू हळूच समोर ढकलून, स्वतः आउट होत दोघांना एकेक बेस सरकवलं. मॅनेजर डॅन विल्सन बाहेर आला, वूला काढलं आणि एडुआर्ड बझार्डोला बोलावलं. आमचा हुकमी क्लोझर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, आंद्रेस मुन्योस बुलपेनमध्येच, राखीव पिचर्सच्या आवारात. मी बोटाने मुन्योस, मुन्योस करत होतो, आवाज बंद असल्यामुळे तेवढंच करता येत होतं. जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. तीन धावा. ४-३. ते तसंच राहिलं.

थोड्या वेळाने साताऱ्याहून आईचा फोन. तिकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ, घाईची वेळ.

"जिंकली का रे तुमची माणसं?"

"नाही. एका रनने गेली."

"एकाच ना? मग वाईट नाही खेळली. ओवाळलंस का नीट?"

त्या एका निर्णयावर गावाने सगळा हिवाळा काढला. मला आजही वाटतं की तिथे मुन्योसच हवा होता. मोसमातला सर्वांत अवघड क्षण समोर उभा असताना हुकमाचं पान नवव्या इनिंगसाठी राखून ठेवण्यात हशील नसतं. पण एक चेंडू डावीकडे गेला म्हणून संघ बदलत नाही. तो चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, गेला असता तर आज मी विल्सनच्या धीरोदात्तपणावर लिहीत असतो.

तर पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर देता येतं.

सुरुवात रॉलीपासून करावी लागते, कारण गावातला प्रत्येक माणूस तिथूनच करतो. २०२५ मध्ये या गड्याने ६० होम रन मारले. साठीला पोचलेला तो इतिहासातला फक्त सातवा खेळाडू, आणि तोही कॅचर! कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून रोज दीड-दोनशे वेळा उठाबशा काढणारा, चेंडू अंगावर झेलणारा, पिचर्सचं डोकं सांभाळणारा माणूस. एका मोसमात कॅचरने मारलेल्या होम रनचा आधीचा विक्रम ४८ होता. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचा ५४ चा विक्रम १९६१ पासून टिकून होता. आणि मरिनर्सकडून केन ग्रिफी ज्युनिअरचा ५६. तिन्ही एकाच उन्हाळ्यात गेले.

यंदा पुन्हा साठ? नाही. साठ गाठलेल्यांचं पुढच्या वर्षी काय झालं ते बघा. बेब रूथ साठनंतर ५४ वर आला, रॉजर मॅरिस ६१ नंतर ३३ वर, बॅरी बाँड्स ७३ वरून ४६ वर, ॲरन जज ६२ नंतर दुखापतीच्या मोसमात ३७ वर. लागोपाठ दोनदा साठी गाठली ती मार्क मग्वायर आणि सॅमी सोसा यांनी, आणि तो काळ कसा होता हे सगळे जाणतात, तेव्हा ते राहू द्या. रॉलीचे स्वतःचे त्याआधीचे आकडे २७, ३०, ३४ असे चढते आहेत. मी चाळीस धरून चाललोय. चाळीस होम रन मारणारा कॅचर हेसुद्धा घबाडच आहे, पण जुलैमध्ये त्याचे पंचवीस झालेले असतील आणि कोणीतरी रेडिओवर फोन करून "रॉलीला काय झालंय?" असं विचारेल, हे मी आत्ताच लिहून देतो.

माझी खरी भिस्त पिचर्सवर आहे. २०२५ चा संघ रॉलीच्या बॅटमुळे लक्षात राहिला, पण तो नव्वदवर अडला तो पिचर्सच्या खांद्या-कोपरांमुळे. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, आमच्या, सामना सुरू करणाऱ्या पाच पिचर्सची फळी सगळ्या लीगमध्ये सरस होती. तीच माणसं घेऊन २०२५ उजाडलं आणि जॉर्ज कर्बीचा खांदा सुजला, तो मे संपत आल्यावर मैदानात उतरला. लोगन गिल्बर्ट एप्रिलअखेर कोपराखालच्या स्नायूने बसला, तो जूनच्या मध्यापर्यंत. ब्राइस मिलरच्या कोपराने दोनदा दगा दिला. राहता राहिला वू. तो जवळजवळ सगळा मोसम घड्याळ लावल्यासारखा सहा-सहा इनिंग टाकत होता, १५ विजय त्याच्या नावावर जमा झाले, आणि ऐन सप्टेंबरात त्याचा छातीचा स्नायू धरला. सातव्या सामन्यात तो बुलपेनमधून आला तो यामुळे. कधीही न कुरकुरणारा म्हातारा लुइस कस्तीयो तेवढा शाबूत. म्हातारा म्हणजे तेहतीस, पण या धंद्यात तेवढं पुरतं.

म्हणजे पाचांपैकी चार जण कधी ना कधी जायबंदी, आणि तरी डिव्हिजन जिंकली. यंदा पाचही जण सगळा मोसम उभे राहतील असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. जगातला सर्वांत अनैसर्गिक हाताचा झटका रोज मारून जगणारी माणसं ती. पण गेल्या वर्षीएवढं सगळं एकदम बिघडणार नाही असं धरलं, तरी चार-पाच विजय तिथूनच निघतात. त्यात वॉशिंग्टनहून डावखुरा पिचर होसे फेरर आलाय. त्याच्यासाठी हॅरी फोर्ड हा तरणाबांड कॅचर द्यावा लागला, पण रॉली असताना दुसऱ्या कॅचरने बाकावर म्हातारं व्हायचं का? मुन्योस, मॅट ब्रॅश आणि फेरर एकामागोमाग येणार असतील तर सातव्या इनिंगनंतर समोरच्यांनी देव पाण्यात घालून बसावं.

कर्बीचं पिचिंग बघायला मी मुद्दाम कॅचरच्या मागच्या, वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागा घेतो. तिथून चेंडूचा वेग कळत नाही पण जागा कळते. रॉली एक गुडघा जमिनीला टेकून बसतो, ग्लोव्ह खाली सोडतो, आणि चेंडू येता येता तो खालून वर असा उचलून धरतो की स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या वैध चौकटीच्या, कडेवरचा चेंडू पंचाला आतला वाटावा. मनगट अर्धा इंच हलतं. कर्बी कडेवरच टाकणारा, रॉली कडेवरून आत ओढणारा. या दोघांनी मिळून पंचांकडून किती स्ट्राइक काढून घेतले असतील याचा हिशोब नाही. २०२४ मध्ये रॉलीला अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा प्लॅटिनम ग्लोव्ह मिळाला त्यात या अर्ध्या इंचाचा वाटा मोठा होता.

आणि यंदा नेमका त्यालाच धक्का आहे. २०२६ पासून चेंडू चौकटीबाहेर (बॉल) की आत (स्ट्राइक) या पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येणार. प्रत्येक संघाला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. आव्हान द्यायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरचा, तोही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर टपली मारून. बाकावरून कोणी खुणा करायच्या नाहीत. डीआरएस कोळून प्यायलेल्या आपल्या लोकांना यात शिकण्यासारखं काही नाही. रिव्ह्यू कोणी आणि कधी घ्यावा यावर गल्लीतल्या पोराचंही मत असतं. अमेरिकन मित्र मात्र धास्तावलेत. मला विचाराल तर यात मरिनर्सचा फायदाच आहे. उचलून धरलेले काही स्ट्राइक जातील खरे, पण कुठला चेंडू खरंच आत होता हे रॉलीपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? तो दोन आव्हानं कंजुषासारखी वापरेल. हुलिओला मात्र हेल्मेटला हात लावायची बंदी असावी असं माझं नम्र मत आहे. तो प्रत्येक स्ट्राइकवर दुखावल्यासारखा बघतो.

बॅटिंगमध्ये उलथापालथ झालीय. गेल्या प्लेऑफच्या पहिल्या मालिकेतला, डेट्रॉइट टायगर्सविरुद्धचा पंधरा इनिंगचा, जवळजवळ पाच तासांचा सामना ज्याच्या सिंगलने संपला तो होर्हे पोलांको न्यू यॉर्कला मेट्सकडे गेला. एउहेनियो सुआरेझ सिनसिनाटीला परतला. सुआरेझचं गणित मला कधी सुटलं नाही. ॲरिझोनाहून आल्यावर दोन महिने त्याच्या बॅटला चेंडू लागेना, आणि टोरोंटोविरुद्ध पाचव्या सामन्यात आठव्या इनिंगला त्याने भरल्या बेसवर होम रन मारून सगळं गाव फितवलं. त्या रात्री स्टेडियममधून स्टेशनपर्यंत अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत चालली होती. तो गेल्याचं वाईट वाटतं. त्याला पुन्हा घेतलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं.

मुख्य म्हणजे जॉश नेलर राहिला. पाच वर्षं, ९ कोटी २५ लाख डॉलर. आमच्या गावाला बॅटर स्वखुशीने येत नाहीत, त्याला कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावरून येणारी गार, दमट हवा पार्कात बसून राहते आणि दुसरीकडे जो चेंडू प्रेक्षकांत पडेल तो इथे भिंतीपाशी झेलला जातो. नेलर हा इथे खेळायला आवडतं असं उघड बोलणारा दुर्मीळ प्राणी. अंगाने दणकट, पळण्यात लीगमधल्या सर्वांत संथ खेळाडूंपैकी एक, आणि गेल्या वर्षी सिॲटलला आल्यावर त्याने १९ वेळा बेस चोरायचा, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच पुढच्या बेसवर पळायचा, प्रयत्न केला आणि १९ वेळा तो सुटला! पिचरच्या खांद्याकडे बघून तो चेंडू सुटायच्या आत निघतो. पाय नसले तरी डोळे आहेत. वेगवान पोरांना शिबिरात हे व्हिडिओ दाखवायला हवेत.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेंट लुइसहून ब्रेंडन डोनोव्हन आला. फार होम रन न मारणारा, पण सहजी आउट न होणारा, तीन-चार जागी खेळणारा बॅटर. आम्हाला हेच हवं होतं. आमचे लोक तीन स्ट्राइक होऊन आउट होण्यात कधी मागे नसतात. त्याच्यासाठी जे दिलं त्यात युरान्जेलो सेन्त्ये होता. हा पोरगा आमच्याकडे असताना उजव्या आणि डाव्या दोन्ही हातांनी पिचिंग करायचा. खरोखर दोन्ही. बॅटर बघून हात बदलायचा. मुलीला तो सगळ्यात आवडायचा. सौदा शहाणपणाचा आहे हे मी तिला समजावायचा प्रयत्न केला. "बाबा, दोन हात देऊन एक माणूस घेतला," एवढंच म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

घाईही आहेच. शॉर्टस्टॉप जे. पी. क्रॉफर्डचा करार या मोसमानंतर संपतो, रँडी अरोझरेनाचाही. मागे कोल्ट एमर्सन हा वीस वर्षांचा शॉर्टस्टॉप तयार होतोय आणि त्याच्याबद्दल जाणकार ज्या सुरात बोलतात त्या सुरात मी इथे फार थोड्यांबद्दल ऐकलंय. तो याच वर्षी दिसेल असं माझं मन सांगतं. पण हाच संच, याच वयात, पुन्हा एकत्र मिळणार नाही.

आमच्या डिव्हिजनमधल्या प्रतिस्पर्ध्यांचं थोडक्यात. ह्यूस्टनने आम्हाला दहा वर्षं छळलं. २०२२ मध्ये आमच्या अंगणात अठरा इनिंग एकही धाव न देता १-० ने आम्हाला बाहेर काढलं ते यांनीच. गेल्या सप्टेंबरात त्यांच्याच घरी तिन्ही सामने जिंकून आम्ही ते उट्टं काढलं आणि ते २०१६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला मुकले. यंदा त्यांचा डावखुरा आधारस्तंभ फ्रँबर वाल्देझ डेट्रॉइटला गेला, जपानहून तात्सुया इमाई आला. टेक्सासचा भरवसा नाही, दोन्ही अर्थांनी. सॅक्रामेंटोतले ॲथलेटिक्स मात्र मला अस्वस्थ करतात. निक कर्ट्झसारखी पोरं चेंडू असा काही मारतात की पिचर मागे वळून बघतसुद्धा नाही. एंजल्सबद्दल लिहून जागा का घालवा.

राहता राहिले लॉस एंजेलिसचे डॉजर्स. त्यांना लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज जिंकून भूक भागली नाही, म्हणून त्यांनी जानेवारीत काइल टकरला चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. आमच्या रॉलीचा सहा वर्षांचा अख्खा करार साडेदहा कोटींचा आहे. टकर दोन वर्षांत त्याहून जास्त घरी नेईल. मालकांनी पैसा सोडायला हवा, असं इथे प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हणतो. पण डॉजर्सशी तुलना करून कपाळ बडवणाऱ्यांत मी नाही. आम्हाला टोरोंटोपुढे आठ आउट कमी पडले, कोटी नव्हे.

आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. १९७७ पासून, म्हणजे किंगडोम नावाच्या काँक्रीटच्या घुमटात संघ खेळायचा तेव्हापासून, हे त्या संघाला चिकटलेले. १९९४ मध्ये सामन्याआधी त्या घुमटाच्या छताच्या फरश्या निखळून खुर्च्यांवर पडल्या, तो किस्सा ते दर वर्षी नव्या तपशिलांसह सांगतात. १९९५ मध्ये एडगर मार्टिनेझच्या डबलवर, म्हणजे दोन बेसच्या फटक्यावर, ग्रिफी पहिल्या बेसवरून धावत घरी आला आणि यांकीज गारद झाले, तो किस्सा सांगताना मात्र तपशील कधी बदलत नाहीत. हाच एडगर, ज्याच्या .३१२ या बॅटिंग सरासरीच्या मानाने पार्कात भाजलेले नाकतोडे दर सामन्याला ३१२ च पुडे विकतात. मी खाल्लेत. मिठा-लिंबाला माफ करावं असे आहेत.

या आजोबांना मी विचारलं, यंदा किती? त्यांनी कुंपणावर कोपर टेकवलं आणि म्हणाले, "पूर्वी बरं होतं. फेब्रुवारीत मला वाटायचं की आपण जिंकू, कारण काहीच माहीत नसायचं. आता सगळे सांगतात आपण जिंकू, आणि कारणं देतात. मला झोप लागत नाही."

माझंही तेच झालंय. आशेला कारणं नव्हती तेव्हा ती हलकी होती, मे महिन्यात टाकून देता यायची. यंदा ती टाकून देता येणार नाही. एप्रिलच्या गारठ्यात आमच्या बॅट गोठतील, संघ पन्नास टक्क्यांवर रखडेल, दर वर्षी कधी ना कधी रखडतो, आणि दर वर्षी मी त्याकडे दुर्लक्ष करून सॉफ्टबॉलच्या मैदानावर खुर्ची टाकून बसतो. यंदा प्रत्येक पराभव खात्यावर मांडला जाईल. तीस वर्षं क्रिकेट बघितलेल्याला हे नवीन नाही, पण त्यात निदान सामने रोज नसायचे.

तर माझा आकडा: ९३ विजय, ६९ पराभव, डिव्हिजन पुन्हा आमची. रॉली ४१. वू किंवा गिल्बर्ट, दोघांपैकी एक जण मोसमातल्या सर्वोत्तम पिचरच्या शर्यतीत शेवटपर्यंत. बायको ८८ म्हणते, कारण "तुझ्या आकड्यातून पाच वजा केले की खरं उत्तर येतं." मुलगी १०२ म्हणते, पण दोन हातांचा पिचर परत आणला तर १०५. पैज डॉमिनोजच्या पिझ्झाची नाही, पुरणपोळीची लागलीय. जो हरेल त्याने पुरण वाटायचं, मिक्सर न वापरता. ऑक्टोबरबद्दल कोणीही बोलायचं नाही असं ठरलंय.

तोपर्यंत एक तातडीची अडचण आहे. शनिवारी, २ मेला, मरिनर्स त्यांचा जुना पिचर रँडी जॉन्सन याचा ५१ नंबर समारंभाने निवृत्त करणार आहेत, म्हणजे तो पुन्हा कोणाला मिळणार नाही. तोच नंबर गेल्या ऑगस्टात जपानी बॅटर इचिरोसाठी निवृत्त केला, आता त्याच्या आधी तो घालणाऱ्यासाठी. एकच आकडा, दोन माणसं. जॉन्सनला मी प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, आणि आजोबांनी माझ्यासाठी एक तिकीट काढून ठेवलंय. त्याच दिवशी आमच्या मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आहे आणि निवेदन माझ्याकडे आहे. पोवाड्याची तालीम रविवारपासून. अध्यक्षबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना बेसबॉल कळत नाही, पण त्यांच्या यजमानांना कळतं, आणि ते त्या दिवशी ध्वनियोजना सांभाळणार आहेत. आधी त्यांनाच गाठून बघतो, त्यांच्याकडे तिकीट आहे का ते.